साइन्ड ओव्हरफ्लो आणि कॉन्फिगर स्क्रिप्ट: कंपायलरला काय विचारता येते आणि काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका सी लायब्ररीत गोलाकार बफरमधल्या नोंदींचे क्रमांक ‘इंट’ (धन-ऋण चिन्ह असलेला, म्हणजे साइन्ड, पूर्णांक) प्रकारात ठेवलेले आहेत. कमाल मर्यादा ओलांडली (म्हणजे ओव्हरफ्लो झाला) की हे क्रमांक ऋण टोकापासून पुन्हा सुरू होतील, म्हणजे त्यांची गुंडाळी होईल, असे तुलनेच्या फंक्शनने गृहीत धरले आहे. हे गृहीतक जिथे खरे असेल तिथे जुने फंक्शन आणि नसेल तिथे सावकाश पण सुरक्षित फंक्शन वापरावे, यासाठी ऑटोकॉन्फ या साधनाने तयार केलेल्या कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये (बांधणीआधी प्रणाली तपासणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) एक चाचणी घातली आहे. चाचणीतला छोटा प्रोग्राम ‘इंट’ची कमाल किंमत घेतो, तिच्यात 1 मिळवतो आणि उत्तर ऋण आले का ते पाहतो. चाचणी सगळीकडे ‘होय’ म्हणते, तरी ‘-ओ2’ने (कोड वेगवान करायला सांगणाऱ्या फ्लॅगने, म्हणजे कंपायलरला दिलेल्या सूचनेने) बांधलेली लायब्ररी मर्यादेच्या आसपास चुकीची तुलना करते. मग ही चाचणी बिनचूक कशी लिहावी?

ती बिनचूक लिहिता येणार नाही. हा तुमच्या कौशल्याचा प्रश्न नाही. चाचणी ज्या गुणधर्माचा शोध घेते आहे तो गुणधर्म कंपायलरमध्ये एका जागी, एका स्वरूपात अस्तित्वातच नाही. सी भाषेच्या मानकानुसार साइन्ड पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीत ओव्हरफ्लो झाला तर प्रोग्रामच्या वर्तनावर कोणतेही बंधन उरत नाही. सी23 मानकाने ऋण संख्यांसाठी टूज कॉम्प्लिमेंट ही बिटांची मांडणी सक्तीची केली, पण ओव्हरफ्लोचा हा नियम तसाच ठेवला. त्यामुळे ‘हा कंपायलर गुंडाळी करतो का’ या प्रश्नाला कंपायलरकडे एक उत्तर नसते. त्याचा प्रत्येक टप्पा आपल्या सोयीप्रमाणे वागतो आणि तसे वागण्याची त्याला मुभा आहे.

तुमच्याच बाबतीत नेमके काय होते ते पाहू. चाचणीत किंमत आधीच ठाऊक आहे, म्हणून कंपायलर ती बेरीज बांधणीच्या वेळीच करून टाकतो. ती करताना जीसीसी हा कंपायलर उत्तर 32 बिटांत गुंडाळतो, किमान ऋण संख्या मिळते आणि चाचणी ‘होय’ म्हणते. लायब्ररीतल्या फंक्शनमध्ये मात्र दोन अज्ञात क्रमांक येतात, त्यांची वजाबाकी होते आणि फरक शून्यापेक्षा कमी आहे का हे विचारले जाते. ओव्हरफ्लो कधीच होणार नाही असे मानण्याची परवानगी असल्यामुळे ऑप्टिमायझर (कोड वेगवान करणारा कंपायलरचा टप्पा) ‘अ - ब < 0’ या राशीचे रूपांतर सरळ ‘अ < ब’ असे करतो. शाळेतल्या गणितात हे दोन्ही सारखेच आहेत. पण ‘अ’ नुकताच मर्यादा ओलांडून ऋण टोकाला गेला असेल आणि ‘ब’ अजून धन टोकाजवळ असेल, तर गुंडाळलेली वजाबाकी लहान धन संख्या देते, म्हणजे ‘अ’ नंतरचा ठरतो. सरळ तुलना मात्र त्याला आधीचा ठरवते. एकाच कंपायलरने, एकाच फ्लॅगखाली, चाचणीत गुंडाळी केली आणि लायब्ररीत केली नाही. दोन्ही ठिकाणी तो मानकाला धरूनच वागला.

किमती ‘व्होलाटाइल’ (प्रत्येक वेळी स्मृतीतूनच वाचाव्यात अशा) ठेवल्या तर ऑप्टिमायझर हात लावणार नाही, असा उपाय काही जण सुचवतात. त्याने अडचण दूर होत नाही, उलट वाढते. व्होलाटाइलमुळे बेरीज खरोखर प्रोसेसरवर होते आणि आजचे सगळे प्रचलित प्रोसेसर गुंडाळीच करतात, म्हणून उत्तर नेहमी ‘होय’च येणार. ते उत्तर प्रोसेसरविषयीचे आहे, कंपायलरविषयीचे नाही. चाचणीतले फंक्शन लायब्ररीतल्या फंक्शनसारखे हुबेहूब लिहिले, तरी लायब्ररीत तेच फंक्शन एका ठिकाणी इनलाइन होईल (बोलावणाऱ्या कोडमध्येच मिसळले जाईल), दुसऱ्या ठिकाणी होणार नाही, तिसऱ्या ठिकाणी किमतींची व्याप्ती आधीच माहीत असल्यामुळे वेगळे सोपे रूप मिळेल. आजच्या आवृत्तीवर योगायोगाने जुळलेले उत्तर पुढच्या आवृत्तीवर जुळेल याला आधार नाही.

ही अडचण नवी नाही आणि ती खुद्द ऑटोकॉन्फलाही भोवली आहे. ‘एमकेटाइम’ हे तारीख-वेळेचे सेकंदांत रूपांतर करणारे फंक्शन नीट चालते का हे तपासणारा ऑटोकॉन्फचा एक मॅक्रो (तयार चाचणी) आहे. त्याच्या जुन्या प्रोग्राममध्ये ‘टाइम_टी’ या वेळेच्या प्रकाराची कमाल किंमत काढण्यासाठी एक लूप होता: 1 पासून सुरुवात करायची, संख्या धन आहे तोवर दुप्पट करत राहायचे आणि शेवटी 1 वजा करायचा. हा लूप थांबायचा तो केवळ गुंडाळीमुळे. पुढे जीसीसीमध्ये किमतींच्या व्याप्तीचे विश्लेषण अधिक धारदार झाले. धन संख्या दुप्पट केली तर धनच राहते, हे ऑप्टिमायझरने ओळखले आणि थांबण्याची अट काढून टाकली. लूप अनंत झाला. काही सदोष एमकेटाइम फंक्शने स्वतःच अडकून पडत असल्यामुळे त्या प्रोग्राममध्ये 60 सेकंदांनी थांबवणारा अलार्म आधीपासून होता. तो वाजला, चाचणी अयशस्वी ठरली आणि कॉन्फिगर स्क्रिप्टने ठरवले की या प्रणालीवरचे एमकेटाइम बिघडलेले आहे. ते मुळीच बिघडलेले नव्हते. निष्पाप फंक्शनवर दोष आला आणि त्याच्या जागी पॅकेजमधले पर्यायी फंक्शन बसवले गेले. बांधणी मात्र कुठेही थांबली नाही. मला यातली सर्वांत काळजीची गोष्ट तीच वाटते.

त्यानंतर 2006 च्या अखेरीस ऑटोकॉन्फच्या विकासकांपैकी एक, पॉल एगर्ट, यांनी असा प्रस्ताव मांडला की ऑटोकॉन्फने तयार केलेल्या स्क्रिप्टांनी जीसीसीला ‘-एफरॅपव्ही’ हा फ्लॅग आपणहून द्यावा. साइन्ड बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार यांत गुंडाळी होईल असे कंपायलरने धरून चालावे, असा या फ्लॅगचा अर्थ आहे. जुना कोड जगभर पसरलेला आहे आणि तो एकेका ओळीने तपासणे अशक्य आहे, हा त्यामागचा युक्तिवाद होता. उलट बाजूचे म्हणणे असे की लूपमधल्या ‘इंट’ निर्देशांकांवर होणाऱ्या अनेक सुधारणा ओव्हरफ्लो होणार नाही या गृहीतकावर उभ्या आहेत आणि सर्वांवर सरसकट फ्लॅग लादल्यास नियम पाळून लिहिलेल्या कोडचा वेगही जाईल. प्रस्ताव स्वीकारला गेला नाही. जीसीसी 4.2 मध्ये मात्र ‘-एफनोस्ट्रिक्टओव्हरफ्लो’ हा, ओव्हरफ्लो होणार नाही असे गृहीत धरू नये असे सांगणारा, फ्लॅग आला, आणि ऑटोकॉन्फच्या पुस्तिकेत पूर्णांकांच्या ओव्हरफ्लोवर एक स्वतंत्र, वाचनीय विभाग आला. तुम्ही तो अवश्य वाचा. माझ्या मते तेव्हाचा निर्णय योग्यच होता, कारण असा फ्लॅग ही त्या-त्या पॅकेजची गरज आहे आणि ती त्या पॅकेजने उघडपणे सांगावी.

इथे मानकातला एक भेद लक्षात ठेवला तर चाचण्यांची निवड फार सोपी होते. काही वर्तन मानक कंपायलरच्या निवडीवर सोडते, पण त्याने ती निवड ठरवून दस्तऐवजात लिहिली पाहिजे अशी अट घालते. ‘कॅर’ साइन्ड आहे की अनसाइन्ड, ऋण संख्या उजवीकडे सरकवली तर चिन्ह टिकते का, मोठी अनसाइन्ड किंमत ‘इंट’मध्ये घातली तर काय होते, हे प्रश्न या वर्गातले आहेत. लिनक्सवर एक्स86 साठी ‘कॅर’ साइन्ड असतो आणि आर्मसाठी अनसाइन्ड, आणि फ्लॅग देऊन तो बदलताही येतो. पण एकदा फ्लॅग ठरले की उत्तर संपूर्ण बांधणीत एकच राहते. अशा गोष्टी कॉन्फिगर स्क्रिप्टने विचाराव्यात. ज्या वर्तनाविषयी कंपायलरने काहीच वचन दिलेले नाही, ते मात्र विचारू नये. फंक्शनचे आर्ग्युमेंट कोणत्या क्रमाने मोजले जातात हे चाचणीने शोधणारी स्क्रिप्टही मी पाहिली आहे. तिथे उत्तर मिळते, पण ते पुढच्याच ओळीत खोटे ठरू शकते.

वचन दिलेले वर्तनसुद्धा शक्यतो प्रोग्राम चालवून तपासू नये. क्रॉस-कंपाइल करताना, म्हणजे एक्स86 वर बसून आर्मसाठी बांधणी करताना, चाचणीचा प्रोग्राम चालवताच येत नाही आणि लेखकाने दिलेला अंदाज वापरावा लागतो. त्याऐवजी प्रश्न असा मांडावा की उत्तर बांधणीतच मिळेल. अट खरी असेल तर अॅरेचा आकार 1 आणि खोटी असेल तर -1 असे लिहिले की खोट्या अटीवर कंपायलर स्वतःच नकार देतो. ‘-1 >> 1’ ची किंमत -1 आहे का, हे अशा रीतीने एका ओळीत कळते आणि काहीही चालवावे लागत नाही. क्रॉस-कंपाइलमध्ये ‘साइझऑफ’ची किंमत शोधताना ऑटोकॉन्फ हीच युक्ती वापरतो आणि मर्यादा अर्ध्या-अर्ध्या करत नेमक्या आकड्यापर्यंत पोहोचतो.

आता तुमच्या लायब्ररीकडे येतो. तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत.

पहिला, आणि माझ्या मते खरा, मार्ग म्हणजे क्रमांक अनसाइन्ड प्रकारात ठेवणे. अनसाइन्ड संख्यांची गुंडाळी मानकानेच ठरवून दिलेली आहे. दोन्ही क्रमांक ‘यूइंट32_टी’ करा, वजाबाकी त्याच प्रकारात करा आणि फरक 2 च्या 31 व्या घातापेक्षा मोठा असेल तर पहिला क्रमांक आधीचा समजा. याला सावकाश फंक्शनची गरज नाही आणि कॉन्फिगर स्क्रिप्टमधल्या चाचणीचीही नाही. निर्माण होणारा मशीन कोडही जुन्या फंक्शनइतकाच लहान असतो. क्रमांक 16 बिटांचे असतील तर मात्र सावध राहा. ‘यूइंट16_टी’ च्या किमती गणिताआधी ‘इंट’मध्ये बढती घेतात, म्हणून 65535 गुणिले 65535 हा वरवर अनसाइन्ड दिसणारा गुणाकार 32 बिटांच्या ‘इंट’मध्ये साइन्ड ओव्हरफ्लो करतो. वजाबाकीत ओव्हरफ्लो होत नाही, पण उत्तर ऋण येऊ शकते, म्हणून ते पुन्हा ‘यूइंट16_टी’मध्ये बदलून मगच तुलना करावी.

ज्या ठिकाणी गुंडाळी नको आहे, फक्त ओव्हरफ्लो झाला का एवढेच कळायला हवे आहे, तिथे सी23 मधले ‘एसटीडीसीकेडिंट’ हेडर वापरावे. ते नसेल तर जीसीसी 5 पासून उपलब्ध असलेली ओव्हरफ्लो तपासणारी बिल्टइन (कंपायलरमध्येच असलेली) फंक्शने आहेत आणि क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्येही ती आहेत. त्यांचे अस्तित्व तपासणे हे कॉन्फिगर स्क्रिप्टचे अगदी योग्य काम आहे, कारण तिथे प्रश्न एवढाच असतो की कंपायलर ही रचना स्वीकारतो की नाही.

दुसरा मार्ग ‘-एफरॅपव्ही’ मागण्याचा आहे. कोड फार मोठा असेल आणि सगळीकडे बदल करणे आज शक्य नसेल तर तो प्रामाणिक मार्ग आहे. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसची कॉन्फिगर स्क्रिप्टही हा फ्लॅग चालतो का ते पाहून तो लावते. पण त्याच्या मर्यादा माहीत असाव्यात. तो बेरीज, वजाबाकी आणि गुणाकारापुरता आहे. किमान ऋण ‘इंट’ला -1 ने भागले तर एक्स86 वर प्रोसेसर अपवाद उठवतो, त्यापासून हा फ्लॅग वाचवत नाही. पॉइंटरच्या गणितासाठी जीसीसी 8 पासून वेगळा फ्लॅग आहे. आणि तुमच्या लायब्ररीच्या सार्वजनिक हेडरमध्ये इनलाइन फंक्शने असतील, तर ती वापरणाऱ्याच्या प्रोग्राममध्ये वापरणाऱ्याच्या फ्लॅगखाली बांधली जातात. तुमचा फ्लॅग त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. तुमचे तुलनेचे फंक्शन हेडरमध्ये असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी बंदच आहे.

फ्लॅग तपासण्याची पद्धतही काळजीपूर्वक निवडावी लागते. अनोळखी ‘-एफ’ फ्लॅगवर जीसीसी चूक दाखवून थांबतो. क्लँग काही जीसीसी फ्लॅग ओळखतो पण पाळत नाही. तो फक्त इशारा देतो आणि यशस्वी निर्गमन-संकेत परत करतो. म्हणून चाचणीपुरता ‘-डब्ल्यूएरर’ (इशाऱ्यालाही चूक मानायला लावणारा फ्लॅग) जोडणे आवश्यक आहे. ऑटोकॉन्फ आर्काइव्ह या मॅक्रोंच्या संग्रहातल्या फ्लॅग तपासणाऱ्या मॅक्रोला असे जादा फ्लॅग देण्याची सोय आहे. एखादा इशारा बंद करणारा ‘-डब्ल्यूनो’ने सुरू होणारा फ्लॅग तपासायचा असेल तर त्याचे होकारार्थी रूप तपासा, कारण अनोळखी नकारार्थी रूप जीसीसी मुकाट्याने स्वीकारतो आणि दुसरी काही तक्रार असेल तेव्हाच त्याचा उल्लेख करतो. ‘-डब्ल्यूएरर’ चाचणी संपताच काढून टाका. तो पुढच्या चाचण्यांत राहिला तर जुन्या ऑटोकॉन्फने तयार केलेला रिकाम्या कंसांचा ‘मेन’सुद्धा प्रोटोटाइपच्या (आर्ग्युमेंटांसह पूर्ण घोषणेच्या) इशाऱ्यामुळे नापास होऊ शकतो आणि असलेली फंक्शने नाहीशी ठरतात. ज्यांना संपूर्ण बांधणी ‘-डब्ल्यूएरर’खाली हवी असेल त्यांनी तो ‘मेक’च्या, म्हणजे प्रत्यक्ष बांधणीच्या, वेळी द्यावा, कॉन्फिगरच्या वेळी नव्हे.

कोडच्या अचूकतेसाठी लागणारा फ्लॅग ‘सीफ्लॅग्ज’ या चलात टाकू नका. ते चल वापरकर्त्याचे आहे. त्याने ‘मेक’च्या ओळीवर स्वतःची किंमत दिली की तुमचा फ्लॅग पुसला जातो आणि कोणताही संदेश येत नाही. ऑटोमेक (‘मेक’साठीच्या फाइली तयार करणारे साधन) वापरत असाल तर ‘एएम_सीफ्लॅग्ज’ त्यासाठीच आहे.

कंपायलरचे नाव आणि आवृत्ती पाहून निर्णय घ्यावा का, असाही एक उपप्रश्न यातून निघतो. शक्यतो घेऊ नये. क्लँग स्वतःला जीसीसी 4.2.1 म्हणवतो, म्हणजे ‘जीएनयूसी’ मॅक्रोची किंमत 4 देतो, आणि ऑटोकॉन्फ त्या मॅक्रोच्याच आधारे ‘जीसीसी=येस’ ठरवतो. त्यामुळे जीसीसीच्या आवृत्तीची अट लिहिली की क्लँग कायम 2007 च्या रांगेत उभा राहतो. एखाद्या विशिष्ट आवृत्तीत चुकीचा मशीन कोड निर्माण होण्याचा ज्ञात दोष असेल, तेवढ्यापुरतीच आवृत्ती तपासणे समर्थनीय आहे.

तुमची स्क्रिप्ट जुनी आहे, म्हणून एका वेगळ्या धोक्याकडेही लक्ष वेधतो. घोषणा न करता फंक्शन बोलावण्याची सवलत सी99 मानकाने काढून टाकली होती, पण कंपायलर अनेक वर्षे केवळ इशारा देत राहिले. मार्च 2023 मधल्या क्लँग 16 ने आणि मे 2024 मधल्या जीसीसी 14 ने ती चूक ठरवली. एप्रिल 2025 मधल्या जीसीसी 15 ने सी23 वर आधारित बोली मूळ निवड केली, तिच्यात ‘बूल’ हा राखीव शब्द आहे आणि रिकाम्या कंसांचा अर्थ ‘आर्ग्युमेंट नाहीत’ असा होतो. सामान्य कोडमध्ये यामुळे बांधणी थांबते आणि दुरुस्ती होते. कॉन्फिगरच्या चाचणीत मात्र बांधणी थांबणे म्हणजेच ‘नाही’ हे उत्तर. चाचणीच्या प्रोग्राममध्ये ‘एक्झिट’ बोलावले पण ‘एसटीडीलिब’ हेडर जोडले नाही, एवढ्या कारणाने एखादी सुविधा नाही असे नोंदवले जाते आणि लायब्ररी निमूटपणे दुबळ्या पर्यायावर जाते. 1999 मधल्या ऑटोकॉन्फ 2.13 ने तयार केलेल्या स्क्रिप्टांत तर कंपायलर चालतो का हे पाहणाऱ्या पहिल्याच प्रोग्रामातल्या ‘मेन’ला परतीचा प्रकार दिलेला नव्हता. म्हणून हाताने लिहिलेल्या प्रत्येक चाचणीत पूर्ण प्रोटोटाइप आणि योग्य हेडर असलेच पाहिजेत, आणि स्क्रिप्ट ऑटोकॉन्फ 2.72 किंवा त्याहून नव्या आवृत्तीने पुन्हा तयार करावी.

हे सर्व करण्याआधी आजच्या स्थितीची ‘कॉन्फिग.एच’ (चाचण्यांची उत्तरे नोंदवणारी फाइल) बाजूला ठेवा. बदल केल्यावर जुन्या आणि नव्या कंपायलरवर, तसेच ‘-ओ0’ (सुधारणा बंद) आणि ‘-ओ2’ अशा दोन्ही फ्लॅगांखाली स्क्रिप्ट चालवून निर्माण झालेल्या फाइली एकमेकींशी ताडून पाहा. जिथे ओळ बदललेली दिसेल तिथे ‘कॉन्फिग.लॉग’मध्ये त्या चाचणीचा पूर्ण प्रोग्राम आणि कंपायलरचा मूळ संदेश मिळतो. ‘नाही’ हे उत्तर ज्या कारणाने यायला हवे त्याच कारणाने आले आहे का, हे तो संदेश वाचूनच कळते. त्यासोबत लायब्ररीच्या चाचण्या ‘-एफसॅनिटाइझ’ या, प्रोग्राम चालताना चुका पकडणाऱ्या, फ्लॅगला साइन्ड पूर्णांकांच्या ओव्हरफ्लोचा पर्याय देऊन एकदा चालवा. गोलाकार बफरचा पहिला क्रमांक शून्याऐवजी कमाल मर्यादेच्या थोडा अलीकडे ठेवा, म्हणजे काही नोंदींतच मर्यादा ओलांडली जाईल आणि तुलनेच्या फंक्शनखेरीज आणखी कुठे हेच गृहीतक दडले आहे ते ओळ क्रमांकासह समोर येईल.